मिस्टर ये, उमरेडवाले

रूथबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात आवळ्याच्या फोडी वाळत घालत होते. हात चिकट होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिथेच चुकलं, कारण दोन हातांवर मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या.

"मंदाबाई, पुढच्या आठवड्यात आमच्या चर्चात गेलेल्या माणसांचा दिवस हाय. ज्यांची त्यांची नावं वाचतात, मेणबत्ती लावतात. तुमच्या पोस्टमनसाहेबांचं नाव द्याचं का?"

रूथबाई म्हणजे उमरेडच्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी घरी येऊन इंजेक्शन देऊन जायच्या. निवृत्त झाल्यावर नागपूरला, सदरला त्यांच्या माहेरच्या घरी राहायला गेल्या. मी म्हटलं, "रूथबाई, हे काही तुमच्या धर्माचे नव्हते."

"नाव वाचाले कायचा धर्म लागते? पण एक हाय. नाव तुमी येऊन सांगाचं. मी त्यांना तीन महिने सुया टोचल्या, पण तुमच्या तोंडून त्यांचं नाव काही ऐकलं नाही. सदा आपलं 'हे' न् 'अहो'."

फोन ठेवला तोवर जाऊबाईंचा चेहरा आवळ्यासारखाच झाला होता.

"चर्चात कायले जाऊन राहिली वं? आन् नाव घ्याले? आता?"

इथे वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी थोडं सांगते. आमच्या पिढीत, निदान आमच्या घरात, बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. लिहायला हरकत नाही. बँकेत मी पासबुक पुढे सरकवते, रेशनच्या दुकानात कार्ड पुढे करते. तोंडाने घ्यायचं ते फक्त उखाण्यात, म्हणजे लग्नात, डोहाळजेवणात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात. आणि नवरा गेला की उखाणा घे म्हणणारंच कोणी उरत नाही. सासूबाईंनी मला दुसरं काही शिकवलं असेल नसेल, हे मात्र पक्कं शिकवलं होतं.

हे जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत ते नाव माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं. श्राद्धाला भटजी घेतात, मुलगा घेतो, मी मागे बसून भाताचे पिंड बघते. आयुष्यभर हे गावातल्या प्रत्येक दारात उभं राहून लोकांची नावं मोठ्याने पुकारत आले, आणि त्यांचं नाव पुकारणारं घरात कोणी नाही. हे माझ्या मनात आधीपासून होतं. रूथबाईंनी फक्त बोट ठेवलं.

म्हणून ठरवलं. जायचं, ते जुनं इंग्रजी चर्च बघायचं, आणि नाव सांगून यायचं. उमरेड ते नागपूर साधारण पन्नास किलोमीटर. मनापासून जिभेपर्यंतचं अंतर किती, ते गुगल दाखवत नाही.

एसटी, पोहे आणि फुलं

याआधी मी या ब्लॉगवर रामटेक आणि आंभोऱ्याबद्दल लिहिलं, तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं होतं की एकट्या बाईला जमेल का. जमतं. सकाळी आठची एसटी धरा, डावीकडची खिडकी घ्या, म्हणजे ऊन लागत नाही. बायांना अर्धं तिकीट आहे. ह्यांच्या माघारी पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा कंडक्टरने अर्धं तिकीट हातात ठेवलं, आणि मला वाटलं माणूस एकटं झालं की सरकार अर्धं तिकीट देतं. मग कळलं, सगळ्याच बायांना आहे. नवरा शेजारी बसलेला असला तरी!

या वेळचा कंडक्टर बोलका होता. "मावशे, नागपूरले कोणाकडे?"

"चर्चात."

त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. "नारळ घेऊन?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या सीटकडे सरकला.

नारळाचं सांगायचं तर, मी कुठल्याच देवाच्या दारात रिकाम्या हाताने गेलेली नाही. उदबत्ती नेऊ का, नारळ नेऊ का, असं रूथबाईंना विचारणार होते. पण विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या. म्हणून न विचारता घेतला.

उमरेड रोड आता चांगला झाला आहे. पाचगावपर्यंत दोन्ही बाजूंना धान कापून झालेले बांध होते, कुठे कुठे मळणीचा भुसा उडत होता. गाडी मोकळी पळते. दिघोरीला आलं की नागपूर सुरू होतं, आणि गाडी बैलगाडी होते. गणेशपेठच्या स्टँडवर उतरले तेव्हा दहा वाजत आले होते.

उतरल्यावर पहिलं काम तर्री पोहे. स्टँडबाहेरच्या गाडीवर खाल्ले. पोह्यांवर चण्याची लाल तर्री ओततात, वर कच्चा कांदा. बाहेरगावच्या वाचकांना सांगते, "तर्री कमी" असं म्हणू नका. म्हटलं की गाडीवाला तुमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. मी कोष्ट्याच्या घरची, सावजी तिखटावर वाढलेली, तरी नाक पुसावं लागलं.

तिथून ऑटोने बर्डी. ऑटोवाल्याने साठ सांगितले, मी उतरायला लागले तेव्हा चाळीस झाले. बर्डीच्या फूलबाजारात शेवंतीचे ढीग लागले होते. फुलवाल्या पोराने विचारलं, "कोणत्या देवाले पाहिजे?"

"चर्चात न्यायची आहेत."

"मंग हार नका घेऊ काकू. सुटी घ्या, पांढरी. त्याईच्यात गुच्छ चालते." आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "नारळ नाही चालत हो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. तोवर मला माहीत नव्हतं.

बर्डीहून मेट्रो. दोन स्टेशनं, झिरो माइल आणि मग कस्तुरचंद पार्क. दहा-पंधरा रुपयांत थंडगार हवा, आणि खाली आपण आयुष्यभर धक्के खात ओलांडलेला रस्ता वरून दिसतो. नागपूरला आलात आणि कुठेच जायचं नसलं तरी मेट्रोत बसून घ्या. तिथून सदर अगदी जवळ. दुपारी रूथबाईंकडे वरण-भात आणि वांग्याची भाजी जेवले, थोडी आडवी झाले आणि साडेतीनला दोघी चर्चाकडे निघालो.

चपला, गरुड आणि रांजण

बाहेरून बघाल तर दगडी भिंती, उतरतं छप्पर, मोठं आवार आणि आवारात जुनी झाडं. सदरच्या हॉर्नचा आवाज फाटकातून आत येतो आणि झाडांपर्यंत पोहोचता पोहोचता दमतो. इंग्रजांनी स्वतःसाठी बांधलं, गेले तेव्हा सोबत नेता आलं नाही, तेव्हापासून ते आपल्याच माणसांचं आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीत तिथे प्रार्थना होतात.

दाराशी मी चपला काढल्या. नीट जोडीने, भिंतीला टेकवून. रूथबाई फुलं घेऊन पुढे निघून गेल्या होत्या. आत गेले तर सगळ्यांच्या पायात बूट, सँडल. नोव्हेंबरची फरशी पायाला बर्फ. मागे वळून पाहिलं तर एवढ्या मोठ्या दारात माझीच एक जोडी, हरवलेल्या लेकरासारखी. मंदिरात चप्पल चोरीला जाते कारण चोराला निवड करायला मिळते. इथे चोर आलाच असता तर माझीच नेणार, म्हणून परत जाऊन घातल्या. तुम्ही गेलात तर हा फेरा वाचवा, चर्चात चपला काढत नाहीत.

आतून चर्च उंच आहे. लाकडी छप्पर, त्यातून लांब दांड्यांनी खाली सोडलेले पंखे. पुढच्या खिडकीला रंगीत काचा. बाहेर ऊन कलत होतं आणि लाल-निळा उजेड बाकांवर पसरला होता. मी विणकराची मुलगी, कुठेही गेले तरी आधी कापड बघते. पुढच्या मोठ्या मेजावर पांढरं कापड होतं, चांगलं तागाचं, काठाला हाताने घातलेली जाळी. जिने कोणी घातली तिचा हात सरळ होता.

मग मला गरुड दिसला.

पितळेचा, कमरेइतका उंच, पंख पसरलेला, आणि पसरलेल्या पंखांवर जाड ग्रंथ. मी थांबलेच. विष्णूचं वाहन इथे काय करतं? रूथबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "अवो, तो बायबल ठेवाचा स्टँड हाय. गरुड उंच उडते, तसं वचन दूर जावं म्हणून."

"म्हणजे डाकिया."

रूथबाई विचार करून म्हणाल्या, "हो, डाकियाच म्हणा. तुमच्या घरचाच माणूस."

दाराजवळ एक दगडी रांजण होता, त्यात थोडं पाणी. मला वाटलं पाय धुवायचं. बरं झालं विचारलं, बाळांचा बाप्तिस्मा त्यात होतो. बाकांखाली छोट्या गाद्या लावलेल्या पाट्या होत्या, त्यांवर मी आरामात पाय ठेवून बसले. पाय दुखत होते, सोय चांगली वाटली. शेजारच्या बाईने हळूच सांगितलं की त्या गुडघे टेकायला असतात. एका तासात मी त्या चर्चातल्या प्रत्येक वस्तूचा चुकीचा उपयोग करून पाहिला असं म्हणायला हरकत नाही.

नारळ? तो मी दाराजवळच्या टेबलावर ठेवला होता, कारण तिथे नावं लिहून घेत होते. आता त्या टेबलाचं सांगते.

टेबल

टेबलामागे मार्था आंटी बसल्या होत्या. रूथबाईंनी आधीच सांगितलं होतं, वय ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, मराठी समजतं पण बोलतात हिंदीतच, आणि चर्चचं रजिस्टर दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. रूथबाई पुढे फुलं लावत होत्या. माझ्यापुढे दोघं होती. एकाने बापाचं नाव सांगितलं, एकीने बहिणीचं. खटाखट. मग मी.

"नाम?"

"मंदा."

"आपका नहीं। जिनके लिए प्रार्थना है उनका। कौन लगते हैं?"

"पती."

"हां, तो हस्बैंड का नाम बोलो।"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, ते नाव जिभेच्या टोकावर होतं. रात्रभर मी ते मनात म्हटलं होतं, एसटीत म्हटलं होतं, मेट्रोत म्हटलं होतं. आणि टेबलापुढे उभी राहिले तर सासूबाईंनी मागून पदर ओढावा तसं झालं. डोक्यावर पदर घेतला गेला आपोआप, आणि तोंडातून निघालं, "हमारे... ये."

"ये?"

मागे रांग वाढली होती. माझ्या कानांतून धूर निघत होता. "हां. ये."

मार्था आंटींनी चष्मा वर केला, लिहिलं, मान हलवली. "मिस्टर ये। कहां के?"

"उमरेडवाले।"

"और ये क्या है?" त्या नारळाकडे बघत होत्या.

"नारळ," मी म्हटलं, आणि तो तिथेच सोडून पळाले.

पळाले म्हणजे भिंतीच्या कडेकडेने चालत गेले आणि पाट्या वाचायला लागले. भिंतींवर पितळेच्या आणि संगमरवराच्या पाट्या आहेत, इथे मेलेल्या इंग्रजांच्या. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयात आणि ह्यांनी आणलेल्या पत्रांच्या पाकिटांवरून. इंग्रजी मला येतं ते एकेक अक्षर लावून. तसंच लावत बसले. एक फौजेतला, तापाने गेलेला. एक बाळ. एक इंजिनिअर. आणि एका पाटीवर नाव, हुद्दा, आणि खाली बारीक अक्षरांत, ही पाटी त्याच्या विधवेने बसवली.

"विडो" हा शब्द मला चांगला येतो. पेन्शनच्या कागदांवर चार वर्षं बघते आहे.

मी ती पाटी पुन्हा वाचली. त्या बाईने नवऱ्याचं नाव पितळेत कोरलं, परक्या गावात, जिथे आपण पुन्हा येणार नाही हे तिला माहीत असणार. स्वतःचं नाव मात्र कुठेच लिहिलं नाही. नुसती त्याची विधवा. एवढ्या अक्षरांचे पैसे दिले, आणखी चार अक्षरं काय जड होती? मला तिचा थोडा रागच आला. आणि मग वाटलं, मी तिला कोणत्या तोंडाने बोलणार? तिने तिचं नाव खाल्लं, मी ह्यांचं. दोघींमधली बरी कोण, ते कोणी सांगावं.

तेवढ्यात रूथबाई आल्या. "सांगितलं नाव?"

मी सगळं सांगितलं. रूथबाई खाली बसल्या. पहिल्यांदा मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. मग बाक हलायला लागला. त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

"मिस्टर ये! अवो, चिनी माणूस केला तुमी पोस्टमनसाहेबांचा!"

"हसू नका. आता काय करायचं?"

डोळे पुसत त्या उठल्या. "चला, मी सांगतो नं आंटीले."

"नको," मी म्हटलं. "मी सांगते." दोघी टेबलाकडे गेलो, तर टेबल रिकामं. नावांचा कागद आत पाळकांकडे गेला होता. नारळ तेवढा होता. आणि घंटा वाजली.

नावं

पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. मी पाद्री म्हणत होते, रूथबाईंनी पाळक म्हणायला शिकवलं. शब्द मला आवडला. तरुणच होते, चाळिशीचे, आवाज मोठा नाही पण स्वच्छ. थोडी गाणी झाली, पेटीसारख्या मोठ्या वाद्यावर. सगळे उभे राहिले की मी उभी राहत होते, बसले की बसत होते, अर्धा सेकंद मागून. एक प्रार्थना मराठीत झाली. गेलेल्यांवर उजेड पडो, असं काहीसं त्यांनी मागितलं. बाकीचं मला ऐकू आलं नाही. मी कागदाकडे बघत होते.

मग ते नावं वाचायला लागले. एकेक नाव, मग थोडी शांतता. ज्यांचं माणूस ते उठून पुढे जात, मोठ्या मेणबत्तीवरून आपली छोटी पेटवत आणि वाळूच्या परातीत खोचत. कोणी रडत नव्हतं. एक म्हातारे काठी टेकत गेले, येताना मेणबत्तीकडे मागे वळून बघत आले.

मी मनात देवाला म्हटलं, कोणत्याही देवाला, की त्यांना मी लिहून दिलेलं नाव वाचता येऊ नये. आणि लगेच म्हटलं, नको, वाचता यावं.

पाळक थांबले. कागद जवळ घेतला.

"मिस्टर... ये। उमरेड।"

रूथबाईंचा बाक पुन्हा हलला. मी उठले. मधल्या वाटेने चालत गेले, माझ्या चपलांचा फटफट आवाज त्या उंच छपराला लागून परत येत होता. मेणबत्ती घेतली. पाळक कागदावरून वर बघून हळू आवाजात मराठीत म्हणाले, "बाई, मी नाव बरोबर वाचलं ना?"

हो म्हटलं असतं तर मोकळी झाले असते. मेणबत्ती लावून परत, चहा, घर. ह्यांच्यासाठी मिस्टर ये म्हणून प्रार्थना झाली असती. ह्यांना ते चाललं असतं, हसले असते. पण मला चाललं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चुकलं. माझंच चुकलं."

"मग काय आहे नाव?"

मी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच, मागून पदर ओढलेला. पाळक थांबले होते. सगळं चर्च थांबलं होतं. त्या नावाकडे जायला माझ्या जिभेला एकच रस्ता माहीत होता, बेचाळीस वर्षांपूर्वी लग्नात पाटावर उभं करून पाठ करून घेतलेला. मी तोच धरला.

"उभा धागा, आडवा धागा, काठाला पिवळी जर..."

एवढं निघालं आणि आठवलं की पुढे काय आहे. 'नाव घेते पदर घेऊन डोक्यावर.' पदर तर डोक्यावर होताच. पण इथे, या माणसांपुढे, या दिवशी ते म्हणवेना. घटकाभर मी अधांतरी. मग आत्ताच ऐकलेलं आठवलं.

"मधुकररावांचं नाव घेते, उजेड पडो त्यांच्यावर."

छपरापर्यंत गेलं ते नाव. मी स्वतः ऐकलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

मग मागून कोणीतरी बाई, मराठीच, अगदी सवयीने म्हणाली, "वा वं बाई!" आणि दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि चर्चात आहोत हे आठवून थांबवल्या. पाळकांनी मान खाली घातली होती. हसत होते की काय, मला दिसलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि म्हटलं, "मधुकरराव." नुसतं, साधं. आणि सगळे म्हणाले, "आमेन."

मेणबत्ती पहिल्या झटक्यात पेटली नाही. दुसऱ्यांदा पेटली.

नंतर मागच्या खोलीत चहा आणि केक होता. मार्था आंटी रजिस्टर घेऊन आल्या, खाडाखोडीला पेन उघडून. "ये मिस्टर ये काट दूं?"

मी विचार केला. अडतीस वर्षं ते माझ्यासाठी हेच होते. "रहने दो आंटी. वो भी वही हैं."

त्यांनी काहीही न विचारता खाली दुसरं नाव लिहिलं. नारळ त्यांनी फोडून ठेवला होता. केकच्या शेजारी बशीत खोबरं, आणि लोक दोन्ही घेत होते.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जायचं असेल तर थोडक्यात सांगते. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जाऊ नका, गेलातच तर बघायला नाही, बसायला जा. एरवी फाटकावर विचारून आत सोडतात. फोटो विचारून काढा. पाट्या वाचायला तास ठेवा. येताना गांधीबागेत उतरून कापड बघायचं असेल तर बघा, पण घासाघीस येत नसेल तर नुसतं बघा. मी रूथबाईंसाठी संत्रा बर्फी ठेवून आले, त्यांनी मला केक बांधून दिला.

प्रवासातून माणूस काय घेऊन येतं, हे लिहायची पद्धत आहे. मला वाटलं होतं आता ते नाव सहज येईल. नाही आलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात एकटीने म्हणून पाहिलं, तर नुसतं नाव अजूनही घशात अडतं. उखाण्यात मात्र येतं. दार असं आहे की वाकून गेलं तरच आत जाता येतं, मग वाकून जाऊ. मी उखाणे बांधते आहे. बसल्या बसल्या, भाजी निवडताना.

जाऊबाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण उमरेड काही फार मोठं नाही, आणि रूथबाईंचा फोनही लहान नाही. तिसऱ्या दिवशी त्या आवळे उलटे करत म्हणाल्या, "मंदे, तू तिथं नाव घेतलं म्हणतात. भर सभेत. बाईमाणसाने नवरा गेल्यावर उखाणा घ्याचा असते काय वं? लोक काय म्हणतीन?"

जाऊबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. आमचे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे हे, जाऊन बारा वर्षं झाली. मी वाद घातला नाही. जे बांधून झालं होतं तेच म्हटलं,

"अर्धं तिकीट काढलं, खिडकीत मिळाली जागा,
मधुकररावांचं नाव घेते, कोणाला सांगायचं तर सांगा."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं, रस्त्यावर कोणी आहे का ते. कोणी नव्हतं. त्या पुन्हा आवळ्यांकडे वळल्या, एकेक फोड उलटी केली, शेवटची फोड उलटी करून झाली तेव्हा म्हणाल्या,

"मले नाही येत असं जुळवता. मले एक बांधून दे नं वं. नारायणरावाचं."